म्हातारपणाची पुंजी एकाच कणगीत नको

नोकरदार माणूस साठीला निवृत्त होतो, त्याला फंड मिळतो. शेतकऱ्याला निवृत्ती कसली? हात चालतात तोवर शेत, हात थकले की मुलांच्या तोंडाकडे बघायचे. वाचकहो, आमच्या घरात या विषयाला गेल्या साली तोंड फुटले. रस्त्यात आमची वीस गुंठे जमीन गेली आणि मोबदला हाती आला. आमचे हे एकसष्ट वर्षांचे, मी छप्पन्न. असा पैसा एकदाच येतो. तो बुडाला तर जमीनही नाही आणि पैसाही नाही.

थोरल्या जाऊबाईंचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे. तो म्हणाला, "काकू, निम्मे बिटकॉइनमध्ये घाला, दोन वर्षांत दुप्पट होतील." ह्यांचे म्हणणे, सगळ्याचे सोने घ्यावे. मी दोघांना एवढेच विचारले, "आपण कपाशीत तुरीच्या ओळी कशासाठी पेरतो?" कपाशी बोंडअळीने खाल्ली तरी तूर पदरात पडावी म्हणूनच ना? मग पैशाचे एकच पीक का घ्यायचे?

सोन्याचा गुण आपण बायका जाणतो. अडीनडीला ते गहाण पडते, दवाखान्याची सोय होते. पण दागिना घेताना घडणावळ जाते, मोडताना घट धरतात. शिवाय सोने गाईसारखे वेत नाही. ते व्याज देत नाही. भाव नेहमी चढतोच असेही नाही. 1980 सालच्या जानेवारीत जगाच्या बाजारात सोने औंसाला 850 डॉलरवर गेले होते. तो भाव पुन्हा दिसायला 2008 साल उजाडले. रुपया घसरत गेला म्हणून आपल्याला ती झळ कमी लागली, इतकेच. सरकारचे सुवर्णरोखे वर्षाला अडीच टक्के व्याज देत, पण फेब्रुवारी 2024 नंतर नवे निघाले नाहीत. तेव्हा पुंजीसाठी सोने घ्यायचे तर नाणे किंवा वळे बरे. हॉलमार्क आणि शुद्धतेचा आकडा बघूनच घ्यावे. दागिना असेल तर सहा अक्षर-अंकांची खूणही बघावी.

बिटकॉइन हे 2009 साली निघालेले संगणकावरचे चलन. त्याच्यामागे कोणत्याही सरकारची हमी नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये एका बिटकॉइनचा भाव 68 हजार डॉलरच्या वर होता, वर्षभरात तो चौथाईवर आला. पुढे डिसेंबर 2024 मध्ये एक लाखावरही गेला. म्हणजे पुतण्या खोटे बोलत नव्हता. पण पडत्या वर्षी आमचे दुखणे निघाले असते तर? बाळगायला आपल्याकडे बंदी नाही. मात्र 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आहे, आणि तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा होत नाही. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, याला तसा नाही. शिवाय याच नावाने फसवणारेही फिरतात. 2018 साली पुण्यात गाजलेल्या गेनबिटकॉइन प्रकरणात दरमहा 10 टक्के देण्याचे आमिष दाखवून लोकांचे पैसे लाटल्याचा आरोप आहे. दरमहा 10 टक्के कोणतेही पीक देत नाही, हे शेतकऱ्याला कोणी सांगायला नको.

शेवटी आम्ही रुपयातले दहा आणे पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ह्यांच्या नावे घातले. साठीनंतर तीत 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, आणि व्याज दर तीन महिन्यांनी हाती येते. तीन आणे बँकेत मुदत ठेव, तीन आण्यांचे सोने. पुतण्याला म्हटले, "बाबा, तू तुझ्या पगारातून थोडे घाल. बुडाले तर भरून काढायला तुझ्यापुढे तीस वर्षे आहेत, आमच्यापुढे नाहीत." त्याला ते पटले.

तुमच्या घरात 18 ते 40 वयाचा मुलगा-सून असेल आणि जमीन दोन हेक्टरच्या आत असेल, तर 2019 सालची पंतप्रधान किसान मानधन योजना समजून घ्या. वयाप्रमाणे महिना 55 ते 200 रुपये आपण भरायचे, तेवढेच सरकार भरते, आणि साठीनंतर महिना 3000 रुपये मिळतात.

आणि एक. प्रत्येक ठेवीवर वारसाचे नाव लावा, आणि कागद कुठे ठेवले आहेत ते घरच्या बाईला ठाऊक असू द्या. पुष्कळदा मागे तीच राहते.