देवगाव रंगारीतील इटालियन पाठ

कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी हे काही परभाषांचे पीठ नव्हे. तथापि प्रातःकाली कापसाच्या शेतांमधील वाटेने आम्ही फिरावयास निघालो, म्हणजे कानात एक इटालियन गृहस्थ बोलू लागतो. चिरंजीवांची सासुरवाड इटलीत. विहीणबाईंस इंग्रजी येत नाही, आणि हात जोडण्यापलीकडे आमची मजल जात नसे.

इटालियन या जिल्ह्यास अगदीच नवी नव्हे. १९२० ते १९२२ या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या जतनासाठी निजाम सरकारने चेक्कोनी व ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ आणविले होते.

आमचे पाठ पॉल पिम्सलर यांच्या पद्धतीचे. शब्द विसरण्याच्या बेतात असता पुन्हा विचारावयाचा आणि मधले अंतर वाढवीत न्यावयाचे, हे तत्त्व त्यांनी १९६७ साली मांडले. पाठ इंग्रजीतून, म्हणून आम्हीही साहेबी वळणाने 'टुट्टो' म्हणत होतो. वस्तुतः तो आपलाच दंत्य 'त': 'तुत्तो', म्हणजे सर्व. जोडाक्षरेही आपल्या जिभेस सवयीची. ती मात्र ढिली पडता कामा नयेत. 'नोन्नो' म्हणजे आजोबा, 'नोनो' म्हणजे नववा! आदरार्थी संबोधनाने आम्हांस फार छळले. अपरिचित पुरुषासही तेथे 'लेई' म्हणतात, आणि 'ती' या अर्थीही तोच शब्द.

परवा दूरध्वनीवर विहीणबाईंस धीर करून विचारले, "कोमे स्ता?" म्हणजे, कशा आहात? यंत्रातील गृहस्थ आमच्यासाठी थांबतो. विहीणबाई पाच मिनिटे अखंड बोलल्या. 'गुडघा' हा शब्द सुदैवाने पाठ होता. त्यांचाही उजवाच दुखतो.