परंड्याच्या बुरुजावर वायफाय

भाच्याला दुबईतल्या अब्बूंसोबत ऑनलाइन खेळायचे होते. परंड्याला रेल्वे नाही, म्हणून कुर्डुवाडीला उतरलो, तिथेच त्याने निन्टेन्डो स्विच काढला. स्थानकांवरचे रेलवायर वायफाय रोज 30 मिनिटे मोफत. पण भारतीय मोबाईल नंबर आणि ओटीपी लागतो. खेळण्याकडे कुठले सिमकार्ड? ओटीपी माझ्या फोनवर आला, तोवर एसटी लागली.

दुसऱ्या दिवशी किल्ला पाहिला. खंदक, मशीद, तोफा. विजापूरची मुलूख-ए-मैदान पूर्वी इथेच होती. बुरुजावर मी फोनचा हॉटस्पॉट सुरू केला. फक्त पासवर्ड, ओटीपी नाही! तिकडे घड्याळ दीड तास मागे, अब्बू नुकतेच जेवायला बसलेले.

“अब्बू, मी तोफेशेजारी बसलोय!” खेळ राहिलाच, दोघे तोफेबद्दलच बोलत बसले.