भंडाऱ्याचा भात आणि आमलेटचे प्रयोग

मुलांनो, नागपूरहून रायपूरच्या रस्त्यानं पूर्वेकडे निघालात की साधारण ६० किलोमीटरवर वैनगंगेकाठचं भंडारा शहर लागतं. आगगाडीनं आलात तर उतरायचं ‘भंडारा रोड’ स्थानकावर. पण गंमत अशी, की ते स्थानक भंडाऱ्यात नाहीच, ते आहे वरठी गावात! पावसाळ्यात आलात तर खिडकीतून एकच रंग दिसेल. हिरवा. इकडे धान, तिकडे धान आणि मधेमधे चकाकणारे तलाव.

हे ‘मामा तलाव’ बरं का! कुणाच्या मामाचे, असं विचारू नका. ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांची पहिली अक्षरं उचलली आणि झाला ‘मामा’. गोंड राजांच्या काळात इथल्या कोहळी समाजाच्या लोकांनी जमिनीचा उतार ओळखून, मातीची पाळ घालून हे तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात होते. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, म्हणून ‘माजी’. धानाला पाणी लागतं तरी किती? जगभरची सरासरी काढली तर एक किलो धानामागे सुमारे २५०० लिटर! आता सांगा, ताटात टाकलेला मूठभर भात म्हणजे नुसता भात असतो का?

ज्या घरी रोज भाताचं पातेलं चढतं, तिथे भात उरतोच. त्याला फोडणी घातली की फोडणीचा भात तयार. तो तर तुम्हाला ठाऊकच आहे. आपण आज दुसरं काही करू या. दोन अंडी, अर्धी वाटी उरलेला भात आणि एक वही. वही कशाला? अहो, प्रयोग म्हटला की नोंद नको?

त्याआधी एका शेतकऱ्याची गोष्ट ऐका. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड नावाच्या खेड्यात दादाजी खोब्रागडे राहायचे. शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंत, शेती दीडेक एकर. १९८३ साली त्यांना आपल्या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दुसऱ्या कुणी त्या बाकीच्या धानात मिसळून टाकल्या असत्या. दादाजींनी त्या जपून ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. असं करता करता बारीक दाण्याचा नवा वाण तयार झाला. त्या काळी लोकांच्या आवडीच्या असलेल्या घड्याळावरून त्याचं नाव पडलं ‘एचएमटी’. आज तुमच्या घरी हाच तांदूळ शिजत असेल! २०१८ साली दादाजी गेले. त्यांची पद्धत मात्र आपल्या स्वयंपाकघरातही चालते: एका वेळी एकच गोष्ट वेगळी ठेवायची आणि नीट बघायचं.

तर पहिला प्रयोग. अंडी फेटा, मीठ घाला, भात तसाच मोकळा करून मिसळा आणि तव्यावर ओता. दुसऱ्या खेपेला भात थोड्या दुधात कुस्करून घाला. बाकी सगळं तेच. काय फरक पडला? अंडं तापलं की त्यातली प्रथिनं उलगडतात आणि एकमेकांत अडकून जाळं विणतात. पांढरं साधारण ६२ अंशांना घट्ट व्हायला लागतं, पिवळं त्याहून थोडं वर. भाताची शितं जाळ्यात मधेमधे येतात, म्हणून शितं फार झाली की आमलेट उलटताना तुटतं. कुस्करलेला भात अंड्यात मिसळून जातो आणि आमलेट धिरड्यासारखं जाड, मऊ होतं. आच मोठी ठेवलीत तर जाळं आवळतं, आतलं पाणी बाहेर पडतं आणि हाती येतं रबर!

कालची वांग्याची भाजी उरली असेल तर घाला, पण रस्सा निथळून. माझं मत विचाराल तर या सगळ्यांत हेच आमलेट पहिल्या नंबरचं. वर जवसाची चटणी भुरभुरवा. आणि सांबार विसरू नका. घाबरू नका, इडलीबरोबरचं नव्हे! विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. अंडी न खाणाऱ्यांनी बेसनाचं टोमॅटो आमलेट करावं. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे, पण टोमॅटोचं पीठ कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात कालवू नका. आंबट पदार्थ धातूला खातो आणि तो धातू मग आपल्या पोटात जातो.

उरलंसुरलं अंड्यात घालणारे आपण एकटेच नाही. इटलीत नेपल्सकडे उरलेल्या शेवयांचं जाड आमलेट करतात. जपानमध्ये परतलेला भात आमलेटात गुंडाळतात, त्याचं नाव ‘ओमुराइस’.

आता आई-बाबांनीही वाचावं असं. इथला उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो. शिजलेल्या भातात काही जिवाणूंचे बीजाणू जिवंत राहतात. भात तासन्‌तास उबेत राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष भात पुन्हा तापवला तरी जात नाही! म्हणून उरलेला भात परातीत पसरून लवकर निववा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. रात्रभर ओट्यावर राहिलेला किंवा चिकट झालेला, वास येणारा भात प्रयोगाला घेऊ नका. तो टाकताना वाईट वाटेल, पण तो टाकायचाच. आणि गॅस पेटवताना मोठं माणूस शेजारी हवं.

अंडं ताजं आहे का, हेही बघा. पाण्यात सोडा. ताजं तळाशी आडवं पडतं. जुन्यात हवेची पोकळी मोठी होते, म्हणून ते उभं राहतं. तरंगलं तर नकोच.

पहिल्या दिवशी आमलेट सराट्यानं, म्हणजे उलथन्यानं, उलटताना तुटलं तर? सरळ मोडा, हलवा आणि भुर्जी म्हणून वाढा. कुणाला कळणार नाही. वहीत मात्र खरं तेच लिहा: ‘भात जास्त झाला. उद्या दोन चमचे कमी.’