ऑक्सफर्ड आणि आमचें शालेय ग्रंथालय

विद्येचीं माहेरघरें म्हणून ज्या नगरांचीं नांवें आपण बालपणापासून ऐकत आलों, त्यांत काशीच्या जोडीनें ऑक्सफर्डचेंही नांव येतें. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त इंग्लंडांत असतात. गेल्या ज्येष्ठांत त्यांच्याकडे गेलों असतां हें नगर पाहण्याचा योग आला. बरोबर अकरा वर्षांची नात होती. मी संस्कृताचा अध्यापक. मला ओढ मोनियर-विल्यम्स यांच्या कर्मभूमीची. नातीला ओढ ॲलिस, हॉबिट व हॅरी पॉटर यांची. मीं मनांत म्हटलें, आधीं आपलें दैवत पाहूं, मग हिचा बालहट्ट पुरवूं.

दैवत लौकरच सांपडलें. ब्रॉड स्ट्रीटच्या टोंकाला या पंडितांच्या खटपटीनें उभी राहिलेली इंडियन इन्स्टिट्यूटची जुनी इमारत आहे. आतां तेथें दुसरी संस्था नांदते. तथापि शिखरावर वारा दाखविण्यासाठीं कोंबड्याऐवजीं हत्ती बसविलेला आहे, तो पाहून परमुलुखांत घरचें माणूस भेटल्यासारखें वाटलें.

समोरच बॉडलियन ग्रंथालय. हें 1602 सालीं उघडलें. येथील पुस्तक बाहेर न्यावयाचें नाहीं असा दंडक आहे. 1645 सालीं खुद्द राजा पहिला चार्ल्स यानें एक पुस्तक मागितलें, तेव्हां ग्रंथपालानें नियम दाखवून नकार दिला व राजानें तो मानला! हें ऐकून मला मोठें समाधान वाटलें. कारण वीस वर्षें आमच्या शाळेच्या ग्रंथालयाची किल्ली माझ्या जानव्याला बांधलेली होती. त्यांतील एका कपाटांत कोणा दात्यानें दिलेल्या चाळीसएक अद्भुत कादंबऱ्या होत्या. राक्षस, जादूगार, उडते घोडे यांनीं भरलेल्या. परीक्षेस उपयोग नाहीं म्हणून तें कपाट मीं कधीं उघडलेंच नाहीं.

इतक्यांत नातीनें सांगितलें कीं, येथलाच एक प्राचीन वाचनकक्ष हॅरी पॉटरच्या चित्रपटांत जादूच्या शाळेचें ग्रंथालय म्हणून दाखविला आहे. मग तिनें विचारलें, "आजोबा, तुमच्या शाळेंत होतीं का असलीं पुस्तकें?" मी म्हटलें, "होतीं." "मग मुलांना कोणतें आवडलें?" यावर मला उत्तर देतां येईना.

दुपारीं तिचा हट्ट पुरविण्यास निघालों. क्राइस्ट चर्च विद्यालयांत डॉजसन नांवाचे गणिताचे अध्यापक होते. ऐन उमेदींत ते तेथील उपग्रंथपालही होते. 4 जुलै 1862 रोजीं ते विद्यालयाच्या प्रमुखांच्या तीन मुलींस नावेंत घेऊन टेम्स नदीनें गॉडस्टोपर्यंत गेले, व वाटेंत त्यांनीं जी गोष्ट रचून सांगितली तीच 1865 सालीं ल्यूइस कॅरल या टोपणनांवानें 'ॲलिस' म्हणून छापली गेली. नगराच्या उत्तरेस नॉर्थमूर रोडवर टॉल्कीन राहत. हे प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक. शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासतांना एका विद्यार्थ्यानें कोरें सोडलेलें पान त्यांच्या पुढें आलें, आणि त्यावर त्यांनीं सहज एक वाक्य लिहिलें. त्या वाक्यांतून 1937 सालचें 'हॉबिट' निघालें.

मी त्या शांत रस्त्यावर उभाच राहिलों. आयुष्यांत कोरीं पानें मीही पुष्कळ पाहिलीं, पण प्रत्येकावर तांबड्या शाईनें शून्य घातलें.

आणि एक मुलगा आठवला. आठवींतला. रूपावलीच्या तासाला बाकाखालीं हॅरी पॉटरचें मराठी भाषांतर वाचतांना सांपडला. मीं पुस्तक काढून घेऊन त्याच कपाटांत टाकलें व वार्षिक परीक्षेनंतर परत केलें. त्यानें तें मुकाट्यानें घेतलें. पुढें दोन वर्षें तो शाळेंत होता, पण ग्रंथालयाची पायरी पुन्हा चढला नाहीं. मुलगा सुधारला, असें मी तेव्हां समजलों.

भरतमुनींनीं आठ रसांत अद्भुताला मानाचें स्थान दिलें आहे. विस्मय हा त्याचा स्थायिभाव. सोमदेवाचा कथासरित्सागर विद्याधरांनीं व वेताळांनीं भरलेला. तो मीं रात्री जागून वाचला आणि त्याला वाङ्मय म्हटलें. त्याच कुळांतलें पुस्तक मुलाच्या हातीं दिसतांच त्याला चाळा म्हटलें. हा न्याय कोणता?

परत आल्यावर मुख्याध्यापकांस भेटलों. ते माझेच विद्यार्थी. त्यांनीं आनंदानें संमति दिली. आतां दर शनिवारीं मी ग्रंथालयांत एका कादंबरीचा पहिला अध्याय मोठ्यानें वाचतों आणि नायक अंधारांत पाऊल टाकणार इतक्यांत थांबतों. पुस्तक मागेल त्यास घरीं न्यावयास देतों. तात्पर्य विचारीत नाहीं, निबंध मागत नाहीं. शेजारच्या फळीवर वेताळपंचविशी ठेवली आहे. कांहीं मुलें आपण होऊनच तिकडे वळतात. सर्वच वळत नाहींत, आणि त्याची मला खंतही नाहीं. ज्या पुस्तकांच्या चिकटपट्टीवर वर्षानुवर्षें तारखेचा एकही शिक्का नव्हता, त्यांवर आतां शिक्के पडूं लागले आहेत.

वाचकांपैकीं कित्येकांच्या घरींही वडीलधाऱ्यांनीं कुलूप घातलेलें असें एखादें कपाट असेल. आपल्या नातवंडांसाठीं त्यांनीं तें एकदां उघडून पाहावें, एवढीच विनंति.

आमच्याकडून गेलेलें एक पुस्तक दोन महिने झाले तरी परत आलेलें नाहीं. पूर्वीं असतों तर मीं पालकांस चिठ्ठी धाडली असती. चौकशी केली तेव्हां कळलें कीं, तें घरांतील धाकटी बहीण वाचीत आहे. म्हणून थांबलों आहें.