मला आता सकाळचा उजेड हवा आहे

आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करायची, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घ्यायची. हे एकदाचं बंद करा आणि वर्षभर उन्हाळी वेळच ठेवा, असं मी कित्येक वर्षं तावातावाने सांगत आले. मार्च २०२२ मध्ये सिनेटने तसं विधेयक एकमताने मंजूर केलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. ते पुढे प्रतिनिधिगृहात अडकलं. आज मी त्या विधेयकाच्या विरोधात आहे.

उन्हाळी वेळेचं प्रेम उगाच नव्हतं. जूनमध्ये इथे सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळतो. ऑफिस, स्वयंपाक, जेवणं सगळं आटोपून अंगणात बसावं, मुलांनी अजून सायकली फिरवत असावं, याचं सुख मोठं आहे. आणि डिसेंबरात पाचलाच दिवस बुडतो, तेव्हा इथल्या सुरुवातीच्या वर्षांत मला अक्षरशः रडू यायचं. तो एक तास कायमचा संध्याकाळकडे द्यावा, एवढंच माझं मागणं होतं.

मत बदललं ते मुलगा हायस्कूलला गेल्यावर. त्याची बस पावणेसातला येते. मार्चच्या सुरुवातीला त्या वेळी छान फटफटलेलं असतं. बसथांब्यावरच्या मुलांचे चेहरे आमच्या खिडकीतून ओळखू येतात. शुक्रवारी हे असं, आणि घड्याळं पुढे गेल्यावर सोमवारी त्याच वेळी मिट्ट काळोख. दप्तरावरच्या चमकत्या पट्ट्या तेवढ्या दिसतात. सूर्योदय आठच्या जवळ सरकलेला असतो. तो मागचा उजेड परत मिळायला एप्रिलचा मध्य उजाडतो. त्या आठवड्यात मुलगा उपम्याचा घास तोंडात तसाच धरून, डोळे मिटून टेबलाशी बसलेला असतो. रात्री मात्र काही केल्या लवकर झोप येत नाही. रागावण्यात अर्थ नव्हता, हे नंतर वाचताना कळलं. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडाने लवकरच्या बाजूला सरकतं आणि संध्याकाळच्या उजेडाने उशिराच्या बाजूला. रात्री मेलॅटोनिन पाझरायलाही मग उशीर होतो. किशोरवयात ते घड्याळ मुळातच मागे पडलेलं असतं.

वर्षभर उन्हाळी वेळ म्हणजे हाच काळोख आणखी गडद होऊन ऐन थंडीत येणार. डेट्रॉइट ईस्टर्न टाइमच्या पश्चिम टोकाकडे आहे, त्यामुळे जानेवारीत इथे आताच सूर्य आठला उगवतो. मग तो नऊला उगवेल. अमेरिकेने हे करून पाहिलेलं आहे. तेलटंचाईच्या काळात, ६ जानेवारी १९७४ पासून, देशभर वर्षभराची उन्हाळी वेळ लागू झाली. अंधारात शाळेला निघालेली मुलं पाहून पालक हवालदिल झाले, आणि त्याच ऑक्टोबरात काँग्रेसने हिवाळ्यापुरती प्रमाणवेळ परत आणली.

कोल्हापुरात सूर्य बारा महिने सहा ते सातच्या आसपास उगवतो. तिथे वाढलेल्या मला सकाळचा उजेड गृहीतच होता. हातचा जाऊ शकतो असं कधी वाटलंच नाही. म्हणूनही असेल, मी फक्त संध्याकाळचा हिशोब करत राहिले.

मार्च येतो तेव्हा आता आम्ही आठवडाभर आधीपासून झोपायची वेळ थोडी थोडी अलीकडे आणतो, आणि त्या रविवारी उजाडताच सगळे बाहेर पडतो. त्याने सोमवार निभावतो. पण हा दरवर्षीचा उपाय झाला. मला आता कायमची प्रमाणवेळ हवी आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिननेही २०२० मध्ये हीच बाजू घेतली. तसं झालं तर जूनमधला सूर्यास्त सव्वाआठला येईल आणि माझ्या आवडत्या संध्याकाळीतला एक तास जाईल. त्याचं मला खरंच वाईट वाटेल, तरी तो मी द्यायला तयार आहे.

कायद्याप्रमाणे कायमची उन्हाळी वेळ कुठलंच राज्य आपल्यापुरती ठरवू शकत नाही, त्याला वॉशिंग्टनची मंजुरी लागते. कायमची प्रमाणवेळ मात्र राज्य स्वतः स्वीकारू शकतं. हवाई आणि बहुतांश अॅरिझोना तसेच चालतात. आमच्या भागाच्या राज्य प्रतिनिधींना मी हेच लिहून पाठवलं आहे.