नेम नक्की कुणाचा चुकतो?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात 'रायफल' म्हटलं की लोकांना आधी वाघच आठवतो. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात टी-१ वाघिणीला, म्हणजे अवनीला, गोळी घातली गेली. तो विषय पानठेल्यावर अजूनही निघतो. जुन्या लोकांकडे शिकारीचे किस्से असायचे, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते किस्सेच उरले. असो. आमच्या घरात आली ती साधी, स्प्रिंगवाली छर्र्याची रायफल. ४.५ मिलिमीटरचा छर्रा, १० मीटरवर कागद आणि कागदामागे मातीची पोती.

भावाने कापसाच्या पैशातून ती पुतण्यासाठी घेतली. आठवड्याभरातच पोरगं हिरमुसलं. छर्रे चहाच्या बशीएवढ्या जागेत कुठेही लागायचे!

"काका, मायाच हात हालते. मले नाही जमत, परत करून टाका."

मी म्हटलं, आधी तुझा हातच बाजूला काढू. रायफल घडी केलेल्या गोधडीवर टेकवून पाच छर्रे मारले. तरी विखुरलेलेच. म्हणजे हात एकटा दोषी नव्हता.

इथे एक गोष्ट कळायला हवी. छर्रे एकाच जागी पण मध्यापासून दूर लागत असतील, तर साईट फिरवायची. विखुरलेले असतील तर साईटला हातच लावायचा नाही, कारण शोधायचं. आणि एका वेळी एकच बदल करायचा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

दस्त्याचे दोन स्क्रू सैल निघाले. स्प्रिंगच्या हादऱ्याने ते सैल होतातच. ते आवळले, पाच छर्रे मारले. मग नळीतलं नवेपणाचं तेल कोरड्या कापडाने पुसलं, पुन्हा पाच. मग दुसऱ्या जातीचे छर्रे. शेवटी पकड. छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच स्प्रिंग रायफलीला मागे-पुढे हिसका देते. घट्ट आवळून धरली की तो हिसका दर वेळी वेगळा बसतो. म्हणून सैल धरायची, आणि दर वेळी त्याच जागी टेकवायची.

प्रत्येक कागदावर काय बदललं ते लिहून ठेवलं. पाचव्या कागदावर सगळे छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले. मगच साईट फिरवली.

स्पर्धेच्या कागदावर दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथवर पोचायला पोराला वर्षं लागतील, कदाचित पोचणारही नाही. पण काही जमलं नाही की आपल्याकडे पहिलं खापर पोराच्या हातावर फुटतं, आणि पोरंही ते खरं मानून बसतात. पाच कागद आणि एक पेचकस घेऊन बसायला फार वेळ लागत नाही हो.

आता छर्रा चुकला की तो आधी कागद बघतो आणि शांतपणे सांगतो, "हा माया चुकला, काका. रायफल बरोबर हाय."