हिमपादुका आणि ईर्यासमिती

कॅनडातील क्वेबेक व लॅब्राडोरच्या अरण्यांत हिवाळाभर खोल बर्फ साचतो. साधे पादत्राण घालून चालणाऱ्याचा पाय पावलोपावली रुततो. तेथील इन्नू लोकांची हिमपादुका म्हणजे वाकविलेल्या लाकडी चौकटीत कॅरिबू हरणाच्या कातडी वाद्यांची विणलेली जाळी. देहाचा भार मोठ्या पृष्ठभागावर विभागला गेला, की पाऊल फारसे खचत नाही. त्याच अरण्यातील रुंद पायांच्या सशाला निसर्गाने हीच सोय दिली आहे.

निवड करताना देहाच्या वजनात पाठीवरचे ओझेही मिळवावे. भुसभुशीत बर्फासाठी मोठी, घट्ट बर्फासाठी लहान. मोकळ्या मैदानात लांबट, तर दाट झाडीत आखूड पादुका सोयीची.

ही पादुका शिकारीसही उपयोगी पडे. खोल बर्फात मूससारखे थोराड हरिण रुतते आणि शिकारी त्याला गाठतो. जेथे हिवाळ्यात काहीच पिकत नसे, तेथील माणसांच्या गरजेचा न्याय दुरून करू नये. परंतु आज केवळ भ्रमणासाठी तेथे जाणाऱ्या श्रावक-श्राविकांपुढे ती गरज नाही. ॲल्युमिनियमची चौकट व कृत्रिम कापडाचा तळ असलेल्या पादुका मिळतात. पट्टे चामड्याचे नाहीत ना, एवढे विचारून घ्यावे.

ईर्यासमिती चार हात पुढची भूमी पाहून चालावयास सांगते. येथे मात्र बर्फाखाली, जमिनीलगतच्या पोकळीत, उंदरांसारखे लहान जीव हिवाळा कंठीत असतात. ते दृष्टीस पडत नाहीत. म्हणून नवी वाट न पाडता मळलेल्या वाटेनेच जावे.